‘यादीत नाव बघा की’

निवडणुकीत ‘सोशल मीडिया बघणारी पोरं’ लावायची ठरली की उमेदवाराच्या डोळ्यांपुढे पहिल्यांदा ड्रोन येतो. वरून शूटिंग, खाली मोटारसायकलींची रॅली, मागे हलगी, जेसीबीतून पडणारा गुलाल. असली रील सांगली जिल्ह्यातल्या कुठल्याही मतदारसंघात रोज निघतात, आणि ती बघणारे बहुतेक जण त्याच रॅलीत गाडी घेऊन आलेले असतात. २०२४ च्या विधानसभेला या जिल्ह्यातल्या एका उमेदवाराचं इंटरनेटचं काम आम्ही पाच जणांनी मिळून सांभाळलं. हे टिपण त्या कामाचं आहे. उमेदवार कोण आणि निकाल काय, हे इथे सांगायची गरज नाही. कामाच्या फोनवर त्या महिन्यात सगळ्यात जास्त वेळा आलेलं वाक्य मात्र सांगायला हवं. ते जाहीरनाम्याबद्दल नव्हतं, रीलबद्दलही नव्हतं. ‘यादीत नाव बघा की’ हे होतं. आमचा निम्म्याहून जास्त वेळ शेवटी त्यालाच गेला आणि पुन्हा असं काम घेतलं तर त्याला आणखी वेळ देऊ.

आधी तारखा बघा, कारण सगळी घाई त्यांच्यातून येते. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली, २२ ते २९ अर्ज भरायचे, ४ नोव्हेंबरला माघारीचा शेवटचा दिवस, १८ ला संध्याकाळी सहाला प्रचार बंद, २० ला मतदान. मध्ये दिवाळी. चिन्ह आणि मतदान यंत्रावरचा अनुक्रमांक ४ तारखेनंतर पक्का होतो, म्हणजे प्रचाराला चौदा दिवस. एवढ्यात यादीचं काम बसत नाही. ते जाहीर होण्याआधीच हातावेगळं झालेलं पाहिजे.

मतदार यादी निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर भागानुसार, म्हणजे मतदान केंद्रानुसार, पीडीएफमध्ये मिळते. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक प्रत मोफतही मिळते. एका पानावर तीन रांगांत तीस मतदार, म्हणजे हजार मतदारांच्या भागाची चौतीस पानं. पण ही पीडीएफ म्हणजे चित्र असतं. त्यात नाव शोधता येत नाही, नक्कल करून घेता येत नाही. गुगल ड्राइव्हमधून किंवा दुसऱ्या एखाद्या सॉफ्टवेअरमधून अक्षरं काढून घ्यावी लागतात, आणि मराठीत ती ठरावीक ठिकाणीच चुकतात. घ चा ध होतो, भ चा म, थ चा य, ब चा व. घाडगे धाडगे होऊन बसतात आणि भोसले मोसले. यंत्राने काढलेली यादी तशीच वापरली तर ‘घाडगे’ शोधणाऱ्याला ‘तुमचं नाव नाही’ असं उत्तर जातं. असं चुकीचं उत्तर मिळालेला माणूस मतदानाला जातच नाही. म्हणून प्रत्येक भाग दोघांनी बसून तपासायचा, एकाने मूळ पान मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने तक्त्यात बघायचं. हजार नावांना एक संध्याकाळ जाते. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय सापडलेला नाही.

पुरवणी यादी हमखास विसरते. मूळ यादी संपल्यावर मागे नव्याने जोडलेल्या नावांची पानं असतात, आणि वगळलेल्या नावांवर तसा शिक्का असतो. पहिल्यांदा मतदान करणारी अठरा-एकोणीस वर्षांची पोरं बहुतेक याच पानांत असतात. ज्यांच्या हातात दिवसभर फोन असतो नेमके तेच तक्त्यात नसले, तर इंटरनेटचा प्रचार कुणासाठी चालला आहे?

नावाच्या लिखाणातही मेख आहे. सूर्यवंशी, सुर्यवंशी, सुर्यवशी या तिन्ही नावांची माणसं एकाच भावकीतली असतात आणि यादीत तीन तऱ्हेने लिहिलेली असतात. पाटील आणि पाटिल ही तक्त्याच्या लेखी वेगळी माणसं. यावर आम्ही केलेला उपाय साधा होता. मूळ नावाच्या शेजारी एक ‘शोध’ नावाचा कॉलम केला, त्यात सगळे दीर्घ ऱ्हस्व केले आणि अनुस्वार काढून टाकले. शोधणाऱ्यानेही तसंच टाइप करायचं. यादीत आडनाव पहिलं येतं, हेही नव्या पोरांना सांगावं लागतं.

घर क्रमांकावरून कुटुंब जुळवता येईल असं वाटतं. शहरात येतंही. खेड्यात त्या रकान्यात शून्य असतं, नाहीतर अख्ख्या गल्लीला एकच आकडा. शिवाय आपल्याकडे निम्मं गाव मळ्यांत राहतं. म्हणून ‘वस्ती’ असा कॉलम हाताने भरावा लागतो आणि तो गावातला माणूसच भरू शकतो. ‘पाटील’ म्हणून काहीच कळत नाही, ‘ओढ्याकडच्या मळ्यातले’ म्हटलं की लगेच कळतं. आमच्या तक्त्यात शेवटी एवढंच उरलं: ओळखपत्र क्रमांक, भाग, अनुक्रमांक, नाव, वय, वस्ती, मोबाईल, तो मोबाईल घरातल्या कुणाचा, आणि सध्या मुक्काम कुठे. सुरुवातीला वीस कॉलम केले होते. ‘कल’ नावाचाही एक होता, आपला, विरोधी, काठावरचा. तो काढला. कार्यकर्ता स्वतःच्या गावात विरोधी मत दाखवायला तयार नसतो, त्यामुळे तो रकाना सगळीकडे हिरवागार होता आणि बिनकामाचा.

मोबाईल नंबर कुठून आणायचे, यावर बाजारात लगेच माणसं भेटतात. ‘तालुक्याचा डेटा’ विकणारे. त्यात शेजारच्या तालुक्याचे, बंद पडलेले, दोनदा आलेले, सगळे नंबर मिसळलेले असतात आणि ज्यांचे आहेत त्यांना कुणी विचारलेलं नसतं. नव्या सिमवरून अशा अनोळखी दोनशे लोकांना एका सकाळी मेसेज गेला, त्यातल्या काहींनी तक्रारीचं बटण दाबलं, की दुपारपर्यंत व्हॉट्सॲप तो नंबर बंद करतं. सिम गेलं आणि त्यावरचे गटही अडकले. व्हॉट्सॲपच्या घाऊक मेसेजच्या व्यावसायिक सेवेत पक्षांना आणि उमेदवारांना मनाईच आहे, त्यामुळे ‘अधिकृत पॅनल आहे साहेब’ म्हणणाऱ्याला पैसे देताना विचार करावा.

याच्या उलटं केलं की गाडी रुळावर येते: मतदाराने आपल्याला पहिला मेसेज करायचा. तो कशासाठी करेल? तर यादीतलं नाव, मतदान केंद्र आणि अनुक्रमांक विचारण्यासाठी. दूध संस्थेत, किराणा दुकानात, सलूनमध्ये, एसटी स्टँडवर एक साधा कागद लावला, ‘यादीत नाव बघायचंय? या नंबरवर पूर्ण नाव, वय, गाव पाठवा’, आणि खाली नंबर मोठ्या अक्षरांत. आचारसंहितेच्या काळात असा कागद सार्वजनिक जागेवर लावता येत नाही, खासगी जागेवरही मालकाची लेखी परवानगी लागते आणि छापील असेल तर मुद्रक-प्रकाशकाचं नाव. म्हणून कागद लवकर, आणि एसटी स्टँडवरचे जाहीर होण्याआधी काढून टाकलेले बरे.

उत्तर देताना त्याला एक ओळ जोडायची: हा नंबर ‘यादी मदत’ नावाने सेव्ह करा. ही ओळ बिनमहत्त्वाची वाटते, पण ब्रॉडकास्ट यादीतला मेसेज ज्याने आपला नंबर सेव्ह केला आहे त्यालाच पोचतो. एका ब्रॉडकास्ट यादीत २५६ नंबर. केंद्रवार एक यादी केली तर हे पुरतं, कारण नंबर मतदारामागे एक मिळत नाही, घरामागे एक मिळतो. शिकणाऱ्या पोराच्या फोनवर आई, वडील, आजी, चुलती अशी पाच मतं असतात. ‘मोबाईल घरातल्या कुणाचा’ हा कॉलम त्याच्यासाठी.

एक नाव शोधून, नीट तपासून उत्तर द्यायला दोन मिनिटं धरा, म्हणजे एका माणसाला तासाला तीस. १५ नोव्हेंबरपर्यंत दोघं हे आरामात करत होते. शेवटच्या तीन दिवसांत चौघे बसूनही उत्तरं मागे पडली. बायकांची नावं शोधायला जास्त वेळ लागतो. लग्न होऊन आलेल्या बाईचं नाव कधी सासरच्या यादीत, कधी अजून माहेरच्या, कधी दोन्हीकडे. विचारताना माहेरचं नाव आणि गावही विचारून घ्यावं. दोन्हीकडे असेल तर मतदान एकाच ठिकाणी करायचं, हे तिथल्या तिथे स्पष्ट सांगायचं. लोक ओळखपत्राचा फोटो पाठवतात. तो गटात पुढे ढकलायचा नाही, काम झालं की पुसायचा. हे शिकवूनही एकाने ढकललाच होता.

आता व्हॉट्सॲपचे गट. तालुक्याचा एक मोठा गट हा उमेदवाराचा लाडका प्रकार, कारण हजार माणसं एका ठिकाणी दिसतात. गटाची मर्यादा १०२४ आहे, तेवढे भरतातही. मग सकाळी शुभ सकाळ, दुपारी वाढदिवस, रात्री भांडण. दुसऱ्या आठवड्यात लोकांनी आवाज बंद केलेला असतो. २०२२ पासून गटातून गुपचूप बाहेर पडता येतं, त्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते, त्यामुळे इतरांना गट भरलेलाच वाटतो. केंद्रवार गट छोटा असतो, साठ-सत्तर जणांचा, पण त्यात ‘डीपीवर (विजेच्या रोहित्रावर) फेज गेलाय’पासून ‘सभा किती वाजता’पर्यंत कामाचं बोलणं होतं. दोन ॲडमिन ठेवायचे, दोघं वेगवेगळ्या आळीचे. एकाच भावकीचे दोघं ठेवले तर दुसरी भावकी तिसऱ्या दिवशी स्वतःचा गट काढते.

फॉरवर्डवर विसंबून राहू नये. भारतात २०१८ पासून एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येतं आणि पुष्कळ वेळा फिरलेला मजकूर २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी. तीनशेच्या वर केंद्रांत एक चित्र पोचवायचं तर ते प्रत्येक गटाच्या ॲडमिनला मूळ फाइल म्हणून द्यावं लागतं. मजकुराचंही तसंच. छापखान्यातून श्रीलिपीच्या जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर चिकटवला की अक्षरांऐवजी कचरा उमटतो. छापखान्याला आधीच युनिकोडमध्ये द्या म्हणून सांगावं, नाहीतर रात्री अकराला सगळं पुन्हा टाइप करायची वेळ येते.

वेळ म्हणाल तर सकाळी सहा ते आठ धारा आणि डेअरी, तेव्हा कोण फोन बघत नाही. रात्री साडेआठ ते साडेदहा चांगली. व्हिडिओ उभा, तीस सेकंदांच्या आत, आवाज बंद ठेवून बघितला तरी कळेल अशी मोठी अक्षरं खाली. यापेक्षा जास्त त्याच्यावर बोलण्यासारखं नाही. हां, दर निवडणुकीत कुणीतरी येऊन सांगतं, साताऱ्यासारखा एक व्हिडिओ होऊन जाऊ दे. १८ ऑक्टोबर २०१९ ला साताऱ्यात शरद पवार पावसात भिजत बोलले आणि ती चित्रफीत रातोरात राज्यभर गेली, त्याची ही आठवण. तो पाऊस कुणाच्या सोशल मीडियाच्या पोरांनी आणलेला नव्हता. तसं नाटक नंतर बऱ्याच जणांनी करून बघितलं, पाणी लगेच नळाचं वाटतं.

जतच्या पूर्वेकडच्या गावांत कानडी बोलणारे मतदार मोठ्या संख्येने आहेत. तिथे मराठी पोस्टरचं भाषांतर करून कानडी लिपीत छापण्यापेक्षा चाळीस सेकंदांचा बोललेला आवाज जास्त चालतो. कुणाची शाळा कानडी माध्यमाची, कुणाची मराठी, वाचणं सगळ्यांना सारखं जमत नाही पण ऐकणं जमतं. मराठीत लिहून कानडीत उलथवलेलं ऐकायला खडबडीत लागतं, त्यामुळे मुद्दा सांगायचा आणि तिथल्याच माणसाला त्याच्या पद्धतीने बोलू द्यायचं. हल्ली उमेदवाराचाच आवाज एआयने कानडीत करून देतो म्हणणारे भेटतात. ऑक्टोबर २०२५ पासून आयोगाचा नियम आहे: असा मजकूर कृत्रिम आहे हे ठळक सांगायचं, चित्रात निदान दहा टक्के जागेवर, आवाजात पहिल्या दहा टक्के वेळात. म्हणजे चाळीस सेकंदांतले पहिले चार त्याला गेले. आणि जतमधल्या माणसाला आपल्या उमेदवाराला कानडी येतं की नाही हे चांगलं ठाऊक असतं.

एसएमएस जुना झाला असं समजू नका. साध्या फोनवर, नेट नसलेल्या चांदोलीकडच्या वाडीत तोच पोचतो. पण मराठी एसएमएसची एक खोच आहे. इंग्रजीत एका मेसेजमध्ये १६० अक्षरं बसतात, देवनागरीत ७०. आणि मात्रा, वेलांटी, हलंत, अनुस्वार ही प्रत्येक वेगळी मोजली जातात. ‘ओळखपत्र’ म्हणजे ओ, ळ, ख, प, त, हलंत, र, असे सात. ‘मुख्यमंत्री’ अकरा खातो. सत्तरच्या वर एक अक्षर गेलं की दोन मेसेजचे पैसे. बरंच घासून आम्ही इथवर आलो: ‘बूथ 142, अ.क्र. 387. बुध. 20 नोव्हें., स. 7 ते सायं. 6. ओळखपत्र आणा.’ मोजून ६८. उमेदवाराचं नाव यात बसत नाही, आणि त्यावरून कार्यालयात दोन दिवस कुरबूर चालली होती.

घाऊक एसएमएससाठी दूरसंचार कंपन्यांच्या डीएलटी व्यवस्थेत नोंदणी, सहा अक्षरांचं पाठवणाऱ्याचं नाव आणि मजकुराचा साचा आधी मंजूर करून घ्यावा लागतो. बदलणारे आकडे साच्यात रिकाम्या जागा म्हणून दाखवायचे. साच्यात पूर्णविराम एक आणि पाठवताना दुसरा असला तरी मेसेज अडतो. दिवाळीच्या आठवड्यात मंजुरीला लावलेला साचा दिवाळीनंतरच हातात येईल असं धरून चालावं.

चिन्हाचं शिक्षण हे चित्राचं काम आहे आणि फोन त्यासाठी उत्तम. इथे साताऱ्याचं २०२४ च्या लोकसभेचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. ‘तुतारी वाजवणारा माणूस’ या चिन्हाच्या उमेदवाराचा ३२,७७१ मतांनी पराभव झाला, आणि मराठीत ‘तुतारी’ असंच नाव असलेल्या ट्रम्पेट चिन्हाच्या एका अपक्षाला ३७,०६२ मतं पडली. सगळी मतं गफलतीनेच गेली असं कुणी सिद्ध करू शकत नाही, पण आकडे शेजारी ठेवले की चिन्हाचं चित्र किती मोठं छापायचं ते कळतं. नावात साम्य असलेले उमेदवारही आपल्याकडे नवे नाहीत. म्हणून चित्रात तीनच गोष्टी: यंत्रावरचा अनुक्रमांक, यंत्रावर दिसेल तसाच फोटो, यंत्रावर दिसेल तसंच चिन्ह. २०२४ मध्ये यंत्रावर फोटो आणि चिन्ह दोन्ही काळी-पांढरी होती, म्हणून आमचं चित्रही काळ्या-पांढऱ्यात. पक्षाच्या झेंड्यातलं रंगीत, सजवलेलं चिन्ह डोळ्यात बसतं आणि यंत्रापुढे गेल्यावर ते तिथे नसतं. अनुक्रमांक ४ नोव्हेंबरनंतर कळतो, म्हणून चित्रं आधी तयार करून आकड्याची जागा मोकळी ठेवायची.

पैसे देऊन केलेल्या जाहिरातींकडे येऊ. स्वतःच्या पेजवर लिहिलेल्या मजकुराला पूर्वप्रमाणन लागत नाही. पैसे देऊन दाखवायची जाहिरात, घाऊक एसएमएस, रेकॉर्ड केलेला फोन आणि ई-पेपरमधली जाहिरात या सगळ्यांना जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन समितीची आधी मंजुरी लागते. उमेदवाराने निदान तीन दिवस आधी अर्ज करायचा, सोबत जाहिरातीच्या दोन प्रती आणि साक्षांकित लेखी मजकूर. अर्ज परत यायचं मुख्य कारण म्हणजे लेखी मजकूर आणि व्हिडिओतलं बोलणं न जुळणं. दुसरं, मंजुरी मिळाल्यावर स्टुडिओवाला ‘जरा छोटं करून देतो’ म्हणून पंधरा सेकंदांचा तुकडा काढतो. तो तुकडा नवी जाहिरात ठरतो, त्याला नवा अर्ज. लहान मुलांना घोषणा द्यायला लावलेली रील तर काढूच नये. प्रचारात मुलं वापरायला आयोगाची फेब्रुवारी २०२४ पासून सक्त मनाई आहे, आणि गावोगावचे कार्यकर्ते हौसेने तेच पाठवतात.

फेसबुकवर राजकीय जाहिरात देणाऱ्याला आधी स्वतःची ओळख पटवावी लागते, दोन टप्प्यांचं लॉगिन लावावं लागतं, आणि ‘पैसे कोणी दिले’ ही ओळ जोडावी लागते. हे प्रत्येक ॲडमिनला वेगळं करावं लागतं, चौदा दिवसांत नव्याने सुरू करू नये. गुगल तर प्रत्येक जाहिरातीमागे मंजुरीचं प्रमाणपत्र मागतं. या जाहिराती कंपन्यांच्या सार्वजनिक संग्रहात सात वर्षं दिसत राहतात, खर्चाच्या अंदाजासकट. विरोधी उमेदवाराचा खर्च तिथे बघता येतो, आपलाही दिसतो.

खर्च उमेदवाराच्या निवडणूक खात्यातूनच झाला पाहिजे. हे खातं अर्ज भरण्याच्या निदान आदल्या दिवशी उघडायचं असतं आणि सगळे तसंच आदल्या दिवशी उघडतात. मग त्या खात्याचं डेबिट कार्ड आठ-दहा दिवस येत नाही, ऑनलाइन व्यवहार सुरू झालेले नसतात, आणि कुणीतरी कार्यकर्ता स्वतःचं कार्ड पुढे करतो. हिशेब तिथून बिघडतो. खातं महिनाभर आधी उघडा. विधानसभेची मर्यादा ४० लाख, एका माणसाला रोख १० हजारांच्या वर नाही. २०१३ पासून आयोगाच्या सूचनांनुसार जाहिरातीचे पैसे, व्हिडिओ बनवायचा खर्च आणि पेज सांभाळणाऱ्या पोरांचं मानधन, तिन्ही हिशेबात दाखवायचं. मानधन विसरतं. स्थानिक पोर्टलवाल्यांची ‘पॅकेज’ नावाची बोलणी असतात ती बातमीच्या वेशातली जाहिरात असते, तीही खर्चातच धरली जाते.

भौगोलिक निवड करताना खानापूर मतदारसंघासाठी जाहिरातीचं वर्तुळ विट्याभोवती काढलं तर ते कडेगाव आणि माणमध्येही सांडतं. उलट याच मतदारसंघात तासगाव तालुक्यातलं विसापूर मंडळ येतं, ते सुटतं. शिराळ्यातही वाळवा तालुक्याचा भाग आहे. तालुक्याचं नाव टाकून मतदारसंघ मिळत नाही. वर्तुळं छोटी छोटी, गावागावाभोवती काढावी लागतात. एवढं करून जाहिरातीचा उपयोग एकच दिसला: यादी मदतीचा नंबर पोचवणं. बाकी पैसा हवेत.

बाहेरगावी असलेला मतदार ही मात्र इंटरनेटची खरी जागा. खानापूर, आटपाडी, तासगाव, पलीकडे माण-खटाव, इथले गलाई व्यावसायिक, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारे, देशभर पसरलेत. पाटण-जावळीची माणसं मुंबईत, नवी मुंबईत माथाडीत. कोणता उमेदवार घरोघर फिरून यांना भेटणार? त्यांचे शहरवार गट आधीपासून असतात, यात्रेच्या वर्गणीसाठी काढलेले. त्यात घुसायचं नाही. तिथल्या एका जाणत्या माणसाला विचारून आपली माहिती त्याच्या हातून जाऊ द्यायची. नंबर गोळा करायची वेळ म्हणजे गावची यात्रा आणि दिवाळी, जेव्हा माणूस समोर असतो.

या लोकांना भाषण नको असतं, तारीख हवी असते. १५ ऑक्टोबरला निवडणूक जाहीर झाली आणि मतदानाला ३६ दिवस उरले. दक्षिणेतून मिरजेला येणाऱ्या गाड्यांचं आरक्षण दिवाळीमुळे तसंच भरत आलेलं. जाहीर झाल्या संध्याकाळी पहिला मेसेज गेला पाहिजे: मतदान बुधवारी, तिकीट आज बघा. ज्यांना तो चार दिवसांनी मिळाला त्यांच्यातल्या बऱ्याच जणांचं येणं राहिलं. मतदानासाठी भरपगारी सुट्टीची कायद्यात तरतूद आहे, पण बुधवारी मतदान म्हणजे येण्या-जाण्याचे दोन दिवस पदरचे, हे लक्षात घेऊनच बोलावं. गाडी करून आणायची गोष्ट कुणी काढली तर तिथेच थांबवायची. मतदारांना केंद्रावर फुकट नेण्या-आणण्यासाठी वाहन भाड्याने घेणं हा कायद्याने भ्रष्ट आचार आहे, आणि असल्या सोयीचे मेसेज गटात फिरले की पुरावा आपणच तयार केला. ज्यांनी तिकडच्या यादीत नाव नोंदवलंय त्यांना इकडे बोलावूच नये.

१८ ला सहा वाजता सगळं बंद. आधीच वेळ लावून ठेवलेल्या पोस्ट आणि जाहिराती आपोआप निघत राहतात, त्या हाताने थांबवायच्या. याच दोन रात्रींत ‘उमेदवाराने दुसऱ्याला पाठिंबा दिला’ असं सहीचं पत्र फिरतं. खोडून काढायला तेव्हा फारसा वेळ नसतो, म्हणून पहिल्या दिवसापासून सांगून ठेवायचं की असला निर्णय फक्त उमेदवाराच्या तोंडून, त्याच्या पेजवर. आणि ते बनावट पत्र लाल फुली मारूनसुद्धा आपण पुढे पाठवायचं नाही. गावात फुली कापून चित्र फिरवणारी माणसं असतात.

मतदानाच्या दिवशी फोनमधली चिठ्ठी कामाची नाही, कारण २०२४ मध्ये केंद्रापासून १०० मीटरच्या आत मोबाईल नेता येत नव्हता. पुष्कळ जण स्क्रीनशॉट दाखवायच्या तयारीने आले आणि दारातून परत फिरले. कागदावर बूथ आणि अनुक्रमांक हे दोन आकडे लिहून न्या, हे आदल्या दिवशी प्रत्येक उत्तरात लिहायला हवं होतं. आम्ही ते सकाळी नऊनंतर लिहायला लागलो. पक्षातर्फे देतो ती चिठ्ठी साध्या पांढऱ्या कागदाची, नाव-चिन्ह नसलेली.

पक्षाचं टेबल २०२४ मध्ये केंद्रापासून २०० मीटरच्या पलीकडे मांडावं लागत होतं. त्या टेबलावर बसलेला माणूस यादीत खुणा करतो आणि फोनवरून तक्त्यात भरतो. तीनशे टेबलांना एकच गुगल शीट दिली तर ती दहा वाजता गुदमरते. जिल्हा परिषद गटवार वेगळ्या शीट करा. आणि सॉर्टचं बटण सगळ्यांसाठी बंद ठेवा. एकाने सकाळी वस्तीनुसार बघायचं म्हणून एकच कॉलम निवडून सॉर्ट केला, तेवढाच हलला, नावं जिथल्या तिथे आणि वस्त्या भलत्यांच्या. जुनी आवृत्ती परत आणेपर्यंत वीस मिनिटं गेली आणि तेवढ्या वेळात भरलेल्या खुणाही गेल्या. दुपारी तीनला न आलेल्यांची यादी केंद्रावर परत पाठवायची, वस्तीनुसार लावून. फोन करणाऱ्याने ‘आलात का’ एवढंच विचारायचं.

निकालानंतर ३० दिवसांत खर्चाचा अंतिम हिशेब द्यायचा असतो, त्याआधी जाहिरातींची बिलं उतरवून घ्या, पेजचे हक्क बदलले की ती सापडत नाहीत. यादी मदतीचं सिम बंद करू नका. जिल्हा परिषदेला आणि नगरपालिकेला राज्य निवडणूक आयोग हीच विधानसभेची यादी गट-गणांत, प्रभागांत फोडतो. फोडताना भाग आणि अनुक्रमांक दोन्ही बदलतात, आणि जुन्या आकड्यांवर बांधलेला तक्ता निकामी होतो. टिकतो तो ओळखपत्र क्रमांक, तीन इंग्रजी अक्षरं आणि सात अंकांचा. जुन्या कार्डांवर ‘एमटी’पासून सुरू होणारा तिरप्या रेषांचा लांबलचक क्रमांक असतो, तो यादीत नव्या रूपात आला असेल तर दोन्ही लिहून ठेवा. म्हणून वर सांगितलेल्या तक्त्यात तो पहिला कॉलम आहे. आमच्याकडे तो सुरुवातीला सातवा होता, आणि अर्ध्या गावांत रिकामा.